मातीत राहिलेला बटाटा

बटाट्याचे पीक कितीही निगुतीने काढले तरी काही कंद मातीत राहूनच जातात. इंग्लंडमध्ये सामान्य कुटुंबांना भाजीपाला पिकविण्यासाठी जमिनीचे लहान तुकडे अल्प भाड्याने मिळतात; १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तेथे ते पुरविणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरविले. अशा तुकड्यावर यंदा वाटाणा किंवा कोबी लावला, तरी वसंत ऋतूत गतवर्षीचा बटाटा आपसूक डोके वर काढतो. फुकटचे पीक म्हणून नवखा माणूस आनंदतो. जाणता माणूस मात्र ते रोप कंदासकट उपटतो. असे का, हे उमगण्यासाठी आपण आयर्लंडच्या इतिहासाकडे वळू या.

१८४५ साली तेथे बटाट्यावर करपा पडला. पाने काळवंडली, जमिनीतील कंद कुजले. बहुतांशी कॅथलिक असलेली गरीब कुळे व शेतमजूर ह्या एकाच पिकावर जगत होते. जमीनदाराच्या खंडासाठी धान्य विकावे लागे. पोटासाठी उरे तो बटाटा. त्यातही 'लंपर' ह्या एका जातीचाच भर होता. कंदापासून लागवड होत असल्याने तिची सारी रोपे सारखीच दुबळी ठरली. १८४६ साली जवळजवळ संपूर्ण पीक गेले. १८४७ साली रोग ओसरला. परंतु भुकेल्यांनी बियाण्याचे बटाटेही खाल्ले होते, म्हणून लागवडच थोडी झाली. १८४८ साली करपा पुन्हा उलटला.

रोग हिवाळा कोठे काढत होता? बर्कली ह्या धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८४६ सालीच बुरशीकडे बोट दाखविले. परंतु बुरशी हे कुजण्याचे कारण नसून परिणाम होय, असे अनेक विद्वान मानीत. डी बारी ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६१ साली प्रयोगाने वाद मिटविला. तेव्हा युरोपात असलेला हा रोगजंतू हिवाळ्यात जिवंत कंदाच्या आश्रयानेच तग धरी. बियाण्यातला, ढिगातला किंवा मातीत विसरलेला रोगट बटाटा त्याला पुढच्या हंगामात पोहोचवी. आयर्लंडच्या सौम्य हिवाळ्यात खोल राहिलेले कंद गोठून मरत नसत.

ह्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली व तितक्याच लोकांनी, किंबहुना अधिकांनी, देश सोडला. १८४१ साली ८२ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. नववे पायस ह्यांनी १८४७ साली परिपत्रक काढून जगभरातील ख्रिस्तसभेला आयर्लंडसाठी प्रार्थना व मदत करण्याचे आवाहन केले. मात्र त्याच वर्षांत आयरिश बंदरांतून धान्य व गुरे इंग्लंडला जात होती, हेही आपण विसरता कामा नये.

पोर्तुगीजांकडून आलेला 'बटाटा' हा शब्द आज आपल्या घराघरांत रुळला आहे. करपा बुरशीसदृश सूक्ष्मजीवाने आणला. परंतु एका कंदावाचून गरिबाला दुसरा आधार राहू नये, ही व्यवस्था माणसांनी उभी केली होती. रोगट रोप उपटता येते. अशी व्यवस्था वेळीच ओळखून ती बदलणे, हे अधिक कष्टाचे काम आहे.