शाळेंतील सल्लागाराची लेखणी

बोस्टन शहरीं फ्रँक पार्सन्स यांनीं १९०८ च्या जानेवारींत व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी उघडली आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत ते निवर्तले. पुरते नऊ महिनेही नाहींत! तरी त्यांची पद्धत त्यांच्याबरोबर गेली नाहीं. सल्ला घेण्यास आलेल्या तरुणांच्या हकीकतींसह ती लिहिलेली होती व १९०९ सालीं पुस्तकरूपानें निघाली.

शाळेपुरतें पाहावयाचें, तर मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्सचे मुख्याध्यापक जेसी डेव्हिस यांचें नांव घ्यावें लागतें. १९०७ पासून त्यांच्या शाळेंत निबंधाच्या तासाला मुलें आपला स्वभाव व भावी धंदा यांविषयीं लिहीत. आजचे पुष्कळ शालेय समुपदेशक असले अनुभव मनांतच ठेवितात. वास्तविक मुलांचीं नांवें गाळून ते लिहितां येतील. डेव्हिस यांनीं १९१४ सालीं आपला प्रयोग ग्रंथांत मांडला, आणि परगांवच्या शिक्षकांना तो आपल्या वर्गांत करून पाहण्याची सोय झाली.