पालटलेला सूर

पेणचें नांव निघालें कीं शाडूच्या गणेशमूर्ति डोळ्यांसमोर येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु आज मला त्या गांवाच्या एका निराळ्याच देणगीविषयीं बोलावयाचें आहे. यशवंत देव ह्यांचा जन्म १ नोव्हेंबर १९२६ रोजीं पेण येथें झाला. आजच्या रायगड जिल्ह्याला तेव्हां कुलाबा म्हणत. मराठी गाण्याचा सूर ज्या काळांत पालटला, त्याच काळांत ते वाढले आणि पुढें त्या पालटाचे भाष्यकारहि झाले.

हा पालट कळण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'सौभद्र' १८८२ सालीं रंगभूमीवर आलें, आणि तेव्हांपासून गाणें ऐकावयाचें म्हणजे नाटकास जावयाचें, हें मराठी माणसाच्या अंगवळणीं पडलें. १९११ मध्यें 'मानापमान' आलें. गोविंदराव टेंबे ह्यांनीं त्याला मैफलींतील ठुमरीच्या वळणाच्या चाली दिल्या आणि नाट्यपद हीच एक लहानशी मैफल होऊन बसली. गायकाला शेवटच्या रांगेंत बसलेल्या प्रेक्षकापर्यंत आवाज पोहोंचवावा लागे. शब्द एकदां उच्चारला कीं तानांच्या पुरांत तो कोठें वाहून गेला, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नसे. मला स्वतःला तें गाणें फार प्रिय आहे. तरी हें कबूल केलेंच पाहिजे.

पुढें दोन यंत्रांनीं ही व्यवस्था मोडली. ग्रामोफोनच्या रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें मावत. त्यामुळें विस्ताराला कात्री लागली. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें आणि गायक मायक्रोफोनपुढें उभा राहिला. आतां आवाज फेंकण्याचें कारण उरलें नाहीं. हलकेंच उच्चारलेलें अक्षरहि ऐकूं जाऊं लागलें. १९३२ च्या सुमारास जी. एन्. जोशी ह्यांनीं ना. घ. देशपांडे ह्यांची 'शीळ' ही कविता रेकॉर्डवर गाइली आणि भावगीत घरोघरीं गेलें. १९३३ सालीं 'आंधळ्यांची शाळा' ह्या नाटकांत केशवराव भोळे ह्यांनीं रंगभूमीवरहि आटोपशीर गाणीं आणलीं. देव त्या वेळीं अवघे सहा वर्षांचे होते.

पुढें त्यांनीं नभोवाणीच्या संगीतविभागांत काम केलें. इतर जें ओघानें करीत होते, त्याचें देवांनीं शास्त्र केलें. त्यांच्या पुस्तकाचें नांवच 'शब्दप्रधान गायकी' असें आहे. श्वास कोठें घ्यावा, कोणत्या अक्षरावर किती रेंगाळावें, ओळीचा अर्थ पुरा होण्यापूर्वीं सूर संपूं द्यावा काय, असे वरवर किरकोळ दिसणारे प्रश्न ह्या गायकींत जिवाचे ठरतात. मंगेश पाडगांवकरांचें 'भातुकलीच्या खेळामधली' हें गीत अरुण दाते ह्यांच्या तोंडून ऐकावें. विषय ताटातुटीचा आहे. परंतु देवांच्या चालींत आक्रोश नाहीं. गाणारा रडत नाहीं, तो गोष्ट सांगतो. आणि म्हणूनच ऐकणाऱ्याचा घसा दाटतो. १९६५ च्या 'कामापुरता मामा' ह्या चित्रपटांतील 'जीवनात ही घडी' ह्या गीताचे तर शब्दहि देवांचेच आहेत. तें लताबाईंनीं गाइलें. शब्द मोठा कीं सूर मोठा, हा कवीचा आणि संगीतकाराचा जुना तंटा तेथें एकाच माणसाच्या घरांत मिटला!

ह्या पालटांत कांहीं हरवलेंहि. पेणपासून रोह्यापर्यंत भाद्रपदांत घरोघर झांजांच्या ठेक्यावर आरत्या होतात, आणि कुंडलिकेच्या कांठीं रोह्यास धावीर महाराजांची पालखी निघते. असल्या प्रसंगींचें गाणें सर्वांच्या गळ्यांतून एकदम निघतें. भावगीत मात्र संध्याकाळीं रेडिओजवळ बसलेल्या एकट्या माणसाशीं बोलतें. त्याच्याबरोबर कोणी गात नाहीं. फार तर मनांत गुणगुणतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. दुबळें पद बालगंधर्वांच्या गळ्यानें तरून जाई. शब्दप्रधान गायकींत ही सोय नाहीं. कविता पोकळ असली तर झांकावयास तानहि हाताशीं नसते. देवांना पाडगांवकरांसारखे कवि लाभले. त्यांच्या मागून त्याच वाटेनें गेलेल्या पुष्कळांच्या हातीं केवळ मऊ आवाज राहिला, आणि मऊपणालाच लोक भाव समजूं लागले. ह्याचा दोष मी देवांच्या पदरीं घालीत नाहीं. पण त्यांच्या तत्त्वाचें हें मोल आहे, तें मोजावेंच लागतें.

अरुण दाते मूळचे इंदूरचे, व्यवसायानें कापड-उद्योगांतील अभियंते. ६ मे २०१८ रोजीं ते गेले. त्याच वर्षीं ३० ऑक्टोबरला, ब्याण्णवावा वाढदिवस दोन दिवसांवर आला असतांना, यशवंत देवहि गेले.