आर्गिनुसीचा विजय आणि अथेन्सचा न्याय

स्मरणिकेसाठी इतिहासपर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आम्ही शाळेत आयुष्यभर इतिहास शिकविला, लढायांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. परंतु लढाई संपल्यावर जी कसोटी लागते, तिचा विचार वर्गात क्वचितच झाला. ती उणीव थोडीफार भरून निघावी, म्हणून प्राचीन ग्रीसमधील एका आरमारी युद्धाची व त्यामागून उद्भवलेल्या खटल्याची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अथेन्स व स्पार्टा यांच्यात इ. स. पूर्व ४३१ पासून प्रदीर्घ युद्ध चालले होते. इ. स. पूर्व ४०६ साली अथेन्सचा सेनापती कॉनॉन हा लेस्बॉस बेटावरील मिटिलीन येथे स्पार्टाच्या आरमाराच्या वेढ्यात सापडला. ही वार्ता येताच अथेन्सने अवघ्या तीस दिवसांत ११० युद्धनौका सज्ज केल्या. माणसे पुरेनात, तेव्हा गुलामांनाही वल्ह्यांवर बसविले. मित्रराज्यांच्या नौका येऊन मिळाल्यावर हा ताफा दीडशेच्या वर गेला. लेस्बॉस व आशिया मायनरचा किनारा यांच्या दरम्यान आर्गिनुसी नावाची लहान बेटे आहेत. तेथे घनघोर युद्ध झाले. स्पार्टाचा सेनानी कॅलिक्रॅटिडस समुद्रात पडून नाहीसा झाला, त्याच्या बाजूच्या साठांहून अधिक नौका गेल्या आणि अथेन्सला मोठा विजय मिळाला.

विजयी पक्षाच्याही २५ नौका निकामी झाल्या होत्या. त्या काळच्या युद्धनौकेवर सुमारे दोनशे माणसे असत आणि त्यांतील बहुतेक वल्हेकरी. नाकाडावरील कांशाच्या सोंडेने शत्रूची नौका फोडावयाची, ही त्या युद्धाची रीत. फुटलेली लाकडी नौका तत्काळ तळाशी जात नसे. पाणी भरलेल्या स्थितीत ती तरंगत राही आणि माणसे तिला धरून राहत. अशा माणसांना वाचविणे आणि मृतांना अंत्यसंस्कारासाठी उचलून आणणे, हे ग्रीकांच्या दृष्टीने पवित्र कर्तव्य होते.

येथे सेनापतींपुढे धर्मसंकट उभे राहिले. बुडणाऱ्यांना आधी वाचवावे, की वेढ्यातील कॉनॉनच्या सुटकेस धावावे? अखेर दोन्ही करण्याचे ठरले. ४७ नौका बचावासाठी नेमल्या व ते काम थेरामिनीज, थ्रॅसिब्युलस आदी नौकाधिपतींकडे सोपविले. उरलेल्यांनी मिटिलीनकडे जावयाचे होते. तोच प्रचंड वादळ उठले आणि दोहोंपैकी एकही काम झाले नाही. तरंगत राहिलेली माणसे समुद्राने गिळली.

विजयाचा आनंद ओसरला आणि अथेन्समध्ये संतापाची लाट उसळली. आठ सेनापतींपैकी दोघे परतलेच नाहीत, सहा परतले. त्यांत सुप्रसिद्ध पेरिक्लीजचा त्याच नावाचा पुत्रही होता. ज्या थेरामिनीजवर बचावाचे काम सोपविले होते, तोच सेनापतींना दोष देऊ लागला. पहिल्या दिवशी वादळाची साक्ष ऐकून लोकांचे मन वळू लागले होते. पण सायंकाळ झाली, वर केलेले हात दिसेनात, म्हणून सभा तहकूब झाली. मधल्या दिवसांत अपाटुरिया नावाचा सण आला. हा सण एका कुळशाखेतील लोकांनी एकत्र जमण्याचा. आपल्या शब्दांत सांगावयाचे तर ज्ञातिमेळावाच. मुंडन केलेली, काळी वस्त्रे ल्यालेली माणसे मृतांचे आप्त म्हणवून सभेत आणण्यात आली, असे झेनोफन हा इतिहासकार सांगतो. पिठाच्या पिंपाच्या आधारे आपण वाचलो, असे म्हणणारा एक जण बुडणाऱ्यांचा निरोप सांगू लागला. सभा प्रक्षुब्ध झाली.

कॅलिक्झेनसने ठराव आणला, की सर्व सेनापतींचा निवाडा एकाच मतदानाने व्हावा. युरिप्टॉलिमसने प्रत्येकाची चौकशी वेगळी करावी म्हणून विनविले. जनतेला हवे ते करण्यास कोण अडवितो, असा गदारोळ झाला. सभा चालविणाऱ्या मंडळातील काहींनी हा ठराव बेकायदा म्हणून मतास टाकण्यास नकार दिला; परंतु त्यांनाही आरोपी करण्याची धमकी मिळताच ते नमले. एकटा नमला नाही. त्याचे नाव सॉक्रेटिस. कायद्याविरुद्ध आपण काही करणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे. त्याच्या नकाराने ठराव थांबला नाही. आठही जणांस देहान्त शासन झाले व हाती लागलेल्या सहांचे प्राण घेण्यात आले. पुढे अथेन्सला पश्चात्ताप झाला आणि सर्वांच्या तिरस्काराचा धनी झालेला कॅलिक्झेनस उपासमारीने मेला. इ. स. पूर्व ४०५ मध्ये ईगोस्पोटामी येथे आरमार नष्ट झाले व पुढील वर्षी अथेन्स शरण गेले.

या हकीकतीतून नीतिशास्त्राचे दोन प्रश्न निघतात. वादळामुळे जे करणे अशक्य झाले, त्याचा दोष माणसावर येतो काय? आमच्या मते अशक्य गोष्ट हे कोणाचे कर्तव्य असू शकत नाही. प्रयत्नात कसूर झाली काय, एवढेच पाहावे. दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. ज्यांची मुले बुडाली, त्यांचा शोक खरा होता. मग खऱ्या शोकातून अन्याय कसा निपजला? प्रत्येकाचे कृत्य वेगळे तपासण्याचे कष्ट सभेने नाकारले, म्हणून.

हे सारे परक्यांचे म्हणून आम्ही सोडून दिले असते. पण एक आठवण स्वस्थ बसू देत नाही. आमच्या तरुणपणी एका ज्ञातिसभेत, मुलाने परजातीत विवाह केला म्हणून आईबाप, भाऊ, चुलते अशा अवघ्या घराला एकाच ठरावाने वाळीत टाकण्यात आले. चुलत्यांना त्या विवाहाची वार्ताही नव्हती; ते काही सांगू पाहत होते, ते कोणी ऐकले नाही. वर झालेल्या हातांत आमचाही हात होता. शेजारी काय म्हणतील, एवढेच भय त्या वेळी मनात होते. ते चुलते आज हयात नाहीत. त्यांची क्षमा मागण्याचे आमच्याकडून राहून गेले.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा पुढील वर्षी अमलात आला, हे योग्यच झाले. तथापि सभेत बसलेल्या माणसाचा हात कायदा धरून ठेवू शकत नाही. आपल्या संस्थेत यापुढे कोणाच्याही वर्तनाचा प्रश्न निघाल्यास त्या व्यक्तीस समक्ष बोलावून तिचे म्हणणे ऐकावे आणि एकाचा दोष घरावर लादू नये, एवढी विनंती करून आम्ही वाचकांची रजा घेतो.