दामदुप्पटची हद्द

मराठी वर्तमानपत्रात आज ‘दामदुप्पट’ हा शब्द दिसला, की शेजारी बहुधा ‘आमिष’ असतं. पैसे दुप्पट करून देतो म्हणून कुणीतरी ठेवी गोळा केलेल्या असतात आणि पसार झालेला असतो. सॉल्ट लेकमध्ये राहून अनुवाद करताना हाच शब्द मला कलकत्ता उच्च न्यायालयाच्या एकोणिसाव्या शतकातल्या निकालांत, रोमन लिपीत भेटला. तिथे त्याचा अर्थ नेमका उलटा होता.

तिथे दामदुप्पट म्हणजे सावकाराला घातलेली मर्यादा. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, हा हिंदू धर्मशास्त्रातला नियम. त्याचं मूळ मनुस्मृतीत आहे. धान्याच्या कर्जाला मात्र तिथे पाचपटीची मुभा दिली आहे. शंभर रुपये देणाऱ्याने कितीही वर्षं वाट पाहिली, तरी एका वेळी त्याला दोनशेच्या वर मागता येत नसे.

1855 साली इंग्रज सरकारने व्याजावरचे निर्बंध उठवले. तरी मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी दामदुप्पट टिकवली. बंगालमध्ये मात्र ती फक्त कलकत्ता शहरापुरती उरली, कारण शहरातल्या हिंदूंचे करारमदार त्यांच्याच कायद्याने पाहावेत असं 1781 च्या ब्रिटिश कायद्यात लिहिलेलं होतं. शहराची हद्द ओलांडली की नियम संपला. आजचं सॉल्ट लेक त्या हद्दीबाहेरची खारी दलदल होती.

पण नियम असला म्हणजे संरक्षण असतंच असं नाही. थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहिला, की दुप्पट पुन्हा पहिल्यापासून मोजली जाई. दामदुप्पट लागू असलेल्या मुलखातच मे 1875 मध्ये सुप्याला दंगल पेटली आणि पुणे, नगर जिल्ह्यांत पसरली. गावोगावी रयतेने सावकारांकडून रोखे मागून घेतले आणि जाळले. नियम शाबूत होता. कुळाला बुडवत होता तो कागद. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला रोख्यामागचा हिशेब पहिल्यापासून तपासण्याचा अधिकार दिला, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं.

1940 च्या सावकारी कायद्याने बंगालभर दुपटीची मर्यादा घातली, आणि त्यात आधी फेडलेली रक्कमही हिशेबात धरली गेली. पुढे बँकांची कर्जं अशा मर्यादांबाहेर गेली: केवळ व्याज जास्त आहे म्हणून न्यायालयाने ती पुन्हा उघडू नयेत, अशी तरतूद 1984 मध्ये लागू झाली. थकलेल्या क्रेडिट कार्डावर 30 टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली ठरवलं. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

दरम्यान, हुगळीचा गाळ पाइपातून आणून सॉल्ट लेकची दलदल भरण्याचं काम 1962 मध्ये सुरू झालं होतं, आणि तिथे नगर वसलं. याच नगरात शारदा समूहाचं कार्यालय होतं. एजंट दारोदार जाऊन छोट्या छोट्या रकमा जमवत आणि बँकेपेक्षा जास्त परतावा कबूल करत. एप्रिल 2013 मध्ये सगळं कोसळलं. ठेवीदारांची संख्या सतरा लाखांच्या घरात सांगितली गेली.

इथे जुना कायदा थिटा पडतो. कर्ज देणारा बलवान आणि घेणारा दुबळा, हे त्याने गृहीत धरलं होतं. ठेव म्हणजेही कर्जच. पण शारदाला ते देणारे लोक दिवसाच्या कमाईतून दहा-वीस रुपये बाजूला टाकणारे होते. कागदावर ते धनको, आणि हतबलही तेच. त्यांना आपल्या ऋणकोच्या वह्या कुणी दाखवणार नव्हतं. अनियंत्रित ठेव योजनांवर देशभर बंदी घालणारा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, 2019 मध्ये आला.

म्हणून जुन्या निकालातली ‘दामदुप्पट’ मराठीत आणताना मी ती नुसती ठेवत नाही. ‘व्याजाची मर्यादा’ असं सोबत लिहिते. तेवढं लिहिलं नाही, तर आजचा वाचक ते वचन समजेल.