पदांचा व्यापार आणि क्रॉफर्ड प्रकरण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील सरकारी पदे ही विजयी पक्षाची लूट मानली जात असे. नेमणूक पक्षनेत्याच्या कृपेने होई आणि त्या कृपेची परतफेड म्हणून नोकराच्या वेतनातून पक्षनिधीसाठी वर्गणी घेतली जाई. 1881 मध्ये पद न मिळाल्याने चिडलेल्या चार्ल्स गिटोने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्या मृत्यूने लोकमत क्षुब्ध झाले आणि 1883 मध्ये पेंडल्टन कायदा संमत होऊन काही संघीय पदांसाठी स्पर्धा परीक्षा आली. तेथील सुधारकांपुढे आदर्श होता तो ब्रिटिश सनदी सेवेचा.

तथापि त्याच सेवेच्या छायेत मुंबई इलाख्यात पदांचा व्यापार चालू होता, हे पाचच वर्षांनी उघडकीस आले. इलाख्याच्या मध्य विभागाचे कमिशनर आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड यांचे वास्तव्य पुण्यास असे. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या त्यांच्या हाती होत्या. हणमंतराव राघवेंद्र या मध्यस्थामार्फत त्यासाठी पैसे घेतले जातात, असा आरोप 1888 मध्ये पुढे आला. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने क्रॉफर्ड यांना निलंबित करून चौकशीसाठी आयोग नेमला. हणमंतरावास न्यायालयात शिक्षा झाली.

सामान्य रयतेच्या दृष्टीने हे प्रकरण क्षुल्लक नव्हते. रत्नागिरी जिल्हा दक्षिण विभागात मोडत असल्याने क्रॉफर्ड यांच्या अधिकाराबाहेर होता. परंतु राज्ययंत्रणेची रचना सर्वत्र एकच होती. राजापूर तालुक्यातील नाटे या गावच्या शेतकऱ्यास सरकार म्हणजे मुख्यतः मामलेदारच. सारावसुली आणि किरकोळ फौजदारी न्याय ही दोन्ही कामे त्याच्याकडे असत. अशा अधिकाऱ्याने पद विकत घेतले, तर त्याची किंमत अखेर रयतेकडूनच वसूल होण्याचा धोका होता.

पुरावा मिळविण्यासाठी सरकारने लाच दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांना अभयवचन दिले होते. आयोगाने क्रॉफर्ड यांना लाचखोरीच्या आरोपांतून मुक्त केले. मात्र आपल्याच विभागातील लोकांकडून कर्जे घेतल्याचा ठपका ठेवला. मुंबई सरकारला हा निष्कर्ष मान्य झाला नाही आणि क्रॉफर्ड यांना सेवेतून दूर व्हावे लागले. पण वादळ आता मामलेदारांवर आले. पद विकत घेणारा ते धारण करण्यास अपात्र ठरतो, या 1809 च्या ब्रिटिश कायद्याकडे बोट दाखविण्यात आले. 1889 मध्ये हिंदुस्थान सरकारने कायदा करून साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण दिले. तरी काही मामलेदारांच्या नोकऱ्या गेल्याच. दिलेले वचन सरकारने पाळावे, अशी मागणी पुण्यात लोकमान्य टिळकांनी जाहीरपणे मांडली.

लाच देणारा निर्दोष नव्हे, हे खरे. परंतु ज्याची बढती-बदली एका वरिष्ठाच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याचा दोष आणि त्या वरिष्ठाचा दोष एकाच मापाने मोजता येत नाही. अमेरिकेत ही मर्जी पक्षनेत्याची होती, पुण्यात परकीय अधिकाऱ्याची. यंत्रणा मात्र एकच. भेद होता तो उपायात. तेथे मतदारांच्या रोषामुळे नेमणुकीची रीतच बदलू लागली. येथे चौकशी झाली ती व्यक्तींची. कमिशनरच्या हाती एकवटलेली सत्ता हा प्रश्न आरोपपत्राबाहेरच राहिला. वरच्या श्रेणीतील स्पर्धा परीक्षा खालच्या श्रेणीचे रक्षण आपोआप करीत नाही, हा या प्रकरणाचा इतिहासाच्या अभ्यासकास मिळणारा मुख्य बोध होय.