दधीचींना विचारले, आपल्याला कोण विचारणार?

वृत्रासुराला मारण्यासाठी देवांनी दधीची ऋषींकडे त्यांच्या अस्थी मागितल्या आणि ऋषींनी आनंदाने देह ठेवला. ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. पण दधीचींना स्वतःला विचारले गेले होते. मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्याला त्या वेळी विचारता येत नाही. प्रश्न येतो तो अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या घरच्यांपुढे.

आपण राहतो त्या ब्रिटनमध्ये १९७१ साली मूत्रपिंडदात्यांसाठी कार्ड निघाले. पण कार्ड ऐन वेळी सापडेलच असे नाही. पीटर कॉक्स हा तरुण १९८९ मध्ये मेंदूतील गाठीने गेला. त्याच्या इच्छेनुसार अवयवदान झाले. सर्वांच्या इच्छेची एकत्र नोंद हवी, यासाठी त्याच्या आईवडिलांनी चळवळ केली आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली.

तरी नाव नोंदवायचे राहूनच जाते. ते का? २००३ मध्ये जॉन्सन आणि गोल्डस्टीन या संशोधकांनी एक तुलना मांडली. जर्मनीत १२ टक्के लोक संमती देणारे, तर शेजारच्या ऑस्ट्रियात जवळजवळ सगळेच. ऑस्ट्रियाचे लोक अधिक उदार होते असे नव्हे. तिथे नकार कळवला नाही की होकार धरला जाई. जर्मनीत होकार कळवावा लागे. अवघड निर्णय माणूस पुढे ढकलतो, एवढेच.

मग कायदा बदलला की काम झाले का? स्पेनने तसा कायदा १९७९ मध्येच केला, पण चित्र पालटले ते १९८९ नंतर. डॉ. राफाएल मातेसान्स यांच्या नेतृत्वाखाली रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले. ते दुःखात बुडालेल्या घरच्यांशी शांतपणे बोलत. तेव्हा दहा लाख लोकांमागे १४ दाते होते. २०१६ मध्ये ते ४३ झाले.

ब्रिटनमध्येही आता गृहीत संमतीचा कायदा आहे: वेल्समध्ये २०१५, इंग्लंडमध्ये २०२०, स्कॉटलंडमध्ये २०२१ आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०२३ पासून. तरीही घरच्यांना विचारले जातेच. आणि आपल्या घरांत मरणाचा विषय निघाला की "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून गप्प केले जाते! मग त्या रात्री बायकोने, मुलाने किंवा पुण्याहून फोनवर बोलणाऱ्या आईने काय उत्तर द्यायचे?

होकार असो वा नकार, तो आपल्या माणसांना आपणच सांगून ठेवू या. त्या रात्री अंदाज बांधण्याचे ओझे तरी त्यांच्यावर पडणार नाही.