अंथरुणावर गेलेले शिपाई

आपल्याकडे जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. या दगडावर तापाने फणफणून घरी खाटेवर गेलेल्या शिपायाला जागा नसते. ‘धारातीर्थी पडला’ म्हणायचे तर तलवारीची धार हवीच ना!

हे आठवायचे कारण म्हणजे, गेले काही दिवस मी पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये घरी वारलेल्या राखीव अधिकाऱ्यांबद्दल वाचतो आहे. (निवृत्त मास्तराला दुसरे काम काय!) शाळेत महायुद्ध शिकवताना आम्ही कारणे, परिणाम आणि तह एवढेच शिकवत आलो. मेलेल्यांची यादी कोण करते, कशी करते, हा प्रश्न ना कधी परीक्षेत आला, ना कुणा मुलाने विचारला.

राखीव अधिकारी म्हणजे पलटणीतली नोकरी संपवून घरी बसलेले, पण गरज पडली तर परत बोलावता येतील असे लोक. 1914 साली युद्ध पेटले आणि पन्नाशी उलटलेल्या कित्येकांनी पेटीतला गणवेश बाहेर काढला. तरुण मंडळी थट्टेने त्यांना ‘डगआउट’ म्हणत, म्हणजे जमिनीतून उकरून काढलेले! सगळ्यांनाच काही आघाडीवर पाठवले नाही. कुणी भरतीच्या कचेरीत बसला, कुणी लष्करासाठी घोडे जमवले, कुणी स्टेशनावर फौजांच्या गाड्या मार्गी लावल्या. त्यातले काही दमले, आजारी पडले, रजेवर घरी आले आणि बायकामुलांच्या देखत गेले. 1918 च्या इन्फ्लुएंझाने तर म्हातारे-तरुण असे काही पाहिलेच नाही.

आता यांना युद्धात मेलेले म्हणायचे का?

इंग्रजांनी 1917 साली युद्धातल्या कबरींसाठी एक आयोग नेमला. फेबियन वेअर नावाच्या गृहस्थांच्या खटपटीतून तो उभा राहिला. आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणतात. आयोगाचा नियम मला फार आवडला. 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळात जो सेवेत असताना मेला, तो युद्धात मेला. कशाने मेला, कुठे मेला, हे विचारायचे नाही. गोळी लागो, न्यूमोनिया होवो, नाहीतर सायकलवरून पडो. शौर्याचे मोजमापच नाही! वीरगळाच्या अगदी उलटा हिशेब. शिवाय सरदार असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा.

पण नियमाला दुसरी बाजू आहे. नोकरी सुटल्यावर मेला असेल तर मरण नोकरीमुळेच आले हे दाखवावे लागते. समजा, हृदय कमजोर झाले म्हणून एका मेजरने मार्चमध्ये राजीनामा दिला, गॅझेटात तसे छापून आले आणि एप्रिलमध्ये तो घरी वारला. त्याच्यासाठी डॉक्टरी पुरावा हवा. आणि तो राजीनामा देण्याआधीच रजेवर असताना वारला असता तर? तर काहीच सिद्ध करायला नको. एका तारखेचा फरक! तसेच, ज्याचे नाव नुसते राखीव यादीत होते पण ज्याला बोलावणेच आले नाही, तो सेवेत धरला जात नाही.

आणि कागद तरी कुठून आणायचे? फ्रान्समध्ये मेला तर पलटण कळवायची, लष्करी इस्पितळात मेला तर इस्पितळ कळवायचे. घरी मेला तर घरच्यांनी गावच्या चर्चच्या आवारात पुरले, आपल्या ऐपतीप्रमाणे दगड बसवला, संपले. त्यातून लंडनमधली शिपायांची बरीचशी कागदपत्रे 1940 च्या बाँबहल्ल्यात जळाली. अशी हजारो माणसे यादीतून निसटली.

‘इन फ्रॉम द कोल्ड’ नावाच्या प्रकल्पातले हौशी संशोधक आता अशी नावे शोधतात. मृत्यूचा दाखला, जुने गॅझेट, अभिलेखागारातली फाईल असे जुळवून आयोगाकडे पाठवतात. कबर सापडली तर ठीकच. न सापडलेल्यांसाठी लंडनजवळच्या ब्रुकवुड इथे 2015 साली स्मारक झाले. त्यावरची बहुतेक नावे या प्रकल्पाने शोधलेली, म्हणजे कुटुंबीयांच्या देखभालीत असताना मेलेल्यांची. शंभर वर्षांनी का होईना, नाव कोरले गेले. कौतुक करावे तेवढे थोडे आहे.

पण मग आपल्या लोकांचे काय, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. 2021 साली आयोगाच्याच समितीने कबूल केले की भारत, आफ्रिका, इजिप्त वगैरे ठिकाणच्या किमान 45 हजार मृतांना बरोबरीची वागणूक मिळाली नाही आणि निदान 1 लाख 16 हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावे कुठेच कोरली नाहीत. म्हणजे दगड एकाच मापाचा खरा, पण तो सगळ्यांसाठी नव्हता.

पुण्याजवळ खडकीचे युद्ध स्मशान जरूर पाहा. हिरवळ, फुलझाडे, ओळीत दगड. तिथल्या 1914-1918 च्या स्मारकावर हिंदुस्थानात मेलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावे आहेत. त्यातल्या 629 जणांचे अवशेष 1962 साली मुंबईच्या शिवडीहून आणले. यातली नावे बहुतेक गोऱ्यांची. आणि आपल्या साताऱ्या-रत्नागिरीकडच्या गावांत संगमरवरी पाट्या दिसतात, त्यावर काय असते? या गावातून अमुक जण महायुद्धावर गेले, त्यातले तमुक मेले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचेही बरेच जण गेले. पाटीवर आकडा असतो, नावे नसतात.

माझ्या आजीचा थोरला भाऊ मराठा पलटणीत होता. 1918 मध्ये रजेवर गावी आला आणि दिवाळीच्या सुमारास मानमोडीच्या तापाने चार दिवसांत गेला. आजी म्हणायची, “लढाईतनं वाचला नि घरात मेला.” घरात कुणी त्याला युद्धात मेलेला म्हटले नाही, आजीनेही नाही. त्याची बायको पुढे चाळीस वर्षे माहेरी राहिली. पण तो रजेवर होता की नाव कापून कायमचा घरी आला होता, यावर आयोगाच्या नियमाने सगळे ठरते. रजेवर असेल तर तो फ्रान्सच्या खंदकात मेलेल्या शिपायाच्या बरोबरीचा.

तेव्हा आमच्या नातेवाइकांपैकी जे हे वाचत असतील त्यांना विनंती. आजीच्या माहेरची पत्र्याची ट्रंक सध्या कुणाकडे आहे? तिच्यात पेन्शनचा एखादा कागद, डिस्चार्जचे बुक किंवा तळहाताहून मोठे पितळी दिसणारे गोल पदक आहे का, ते पाहा. पदक मोठे म्हणजे सुमारे 12 सेंटीमीटरचे, काशाचे, त्यावर सिंह आणि हातात पुष्पचक्र घेतलेली बाई. युद्धात मेलेल्याच्या घरी सरकार ते पाठवत असे. त्यावर नुसते नाव असते, हुद्दा नसतो. भांडी घासायच्या पावडरीने घासू नका, उठावाची अक्षरे झिजतील. फोटो काढून मला पाठवा.